जावाचे मालक हजर नाहीत

नवस बोलायचा तर नारळाचा बोलावा, फार तर पुरणपोळीचा. तारामतीबाई आयुष्यभर तेवढेच बोलल्या होत्या आणि सगळे वेळेवर फेडले होते. पण भाद्रपदात संदेशला डेंगू झाला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी प्लेटलेटचा आकडा सांगितला, तेव्हा त्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीत उभ्या होत्या. खाली पार्किंग होतं, शे-दीडशे मोटारसायकली ओळीनं लावलेल्या. त्यांनी डोळे मिटले, खंडोबाला हात जोडले आणि तोंडातून शब्द गेले ते असे: “देवा, लेकरू उठून बसू दे. चंपाषष्ठीला मामंजींच्या गाडीवर बसून तुझ्या दर्शनाला येईन.”

डोळे उघडल्यावर पहिला धक्का त्यांना स्वतःलाच बसला. गाडी कुठून आली मध्येच? पण बोललेला शब्द काही फळ्यावरचा खडू नव्हे, की पुसला आणि दुसरा लिहिला.

संदेश पाचव्या दिवशी उठून बसला, सहाव्या दिवशी त्यानं इडली मागितली आणि सातव्या दिवशी आईचा नवस ऐकून तो परत आडवा झाला.

मामंजींची गाडी म्हणजे मरून रंगाची जावा, बहात्तर सालातली. मामंजी गेल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, ती नल्लकुंट्याच्या घराच्या मागच्या अंगणात उभी होती. उभी म्हणजे भिंतीला टेकून. चाकाच्या तारांतून मनीप्लांट गेला होता आणि सीटवर वरच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मी दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवत. ती गाडी आहे हे घरात सगळे विसरले होते. मुकुंदराव तर तिच्यावर ओला टॉवेल टाकत.

“ती?” मुकुंदरावांनी अंगणाकडे बोट केलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, जन्मभर स्कूटर चालवलेले गृहस्थ. “अगं, ती चालत नाही.”

“नवस बोलताना लक्षात नाही आलं,” बाई म्हणाल्या.

मग सल्ले सुरू झाले. संदेश म्हणाला, आई, ओला बुक करतो, तीपण गाडीच आहे. तेलुगू बोलणाऱ्या भाग्यलक्ष्मी म्हणाल्या, वदिना, म्हणजे वहिनी, आमच्यात असं झालं तर चांदीची छोटी गाडी करून देवाला वाहतात. संदेशनं मग आणखी डोकं लढवलं: जावा टेंपोत चढवायची, आईला जावावर बसवायचं आणि टेंपो देवळापर्यंत न्यायचा. हा सल्ला खंडोबाच्या देवळातल्या गुरुजींपर्यंत गेला. गुरुजींनी बराच वेळ विचार करून सांगितलं की शास्त्राला अडचण दिसत नाही, पण चित्र बरं दिसणार नाही.

तारामतीबाईंना वाद घालता येत नसे. त्यांचा आवाज इतका बारीक की फोनवर लोक ‘हॅलो हॅलो’ करून ठेवून देत. त्यांनी फक्त नेम धरला: नवस फिटेपर्यंत एकभुक्त. हा नेम दिसायला त्यांचा एकटीचा, पण बसला सगळ्या घराला. रात्री समोर उपाशी बायको माळ ओढत बसलेली असताना भरल्या वांग्याचा घास कुठल्या पुरुषाच्या घशाखाली उतरेल? चार रात्री चोरासारखं जेवून पाचव्या दिवशी मुकुंदराव अफझलगंजला गेले आणि तिथल्या मेकॅनिकला, बबलूभाईंना, घेऊन आले.

नावावरून पोरगा वाटेल, पण बबलूभाई सत्तरीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. पंधरा वर्षांचे असताना पडलेलं नाव त्यांना पुढे कुणी बदलून दिलं नाही. त्यांनी मनीप्लांट बाजूला केला, टाकीला कान लावला, बोटानं दोनदा टिचकी मारली.

“जान है, अम्मा,” ते म्हणाले. “सोई हुई है. हल्लू हल्लू उठेंगी.”

त्यांचं दुकान गाडीच्या हँडलाइतकंच रुंद होतं, त्यामुळे काम अंगणात करायचं ठरलं. अंगण तिसऱ्या दिवशी भरलं, मग व्हरांडा भरला, मग बैठकीत चाकं आली. सोमवारी तारामतीबाई स्नानाला गेल्या तर बादलीत साखळी भिजत होती. मंगळवारी त्यांना तांदळाच्या डब्यात बेअरिंग सापडले. ओल लागू नये म्हणून ठेवले, असं मुकुंदराव म्हणाले, आणि हे त्यांना कुणी सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही.

खरा धक्का बुधवारी बसला. इंजिनातला पिस्टन जाम होता. बबलूभाई म्हणाले, वरून तेल ओतून चार दिवस सोडून देऊ. मुकुंदरावांनी आत जाऊन हाताला लागली ती बाटली आणून दिली. संध्याकाळी दिव्यात तेल घालायला तारामतीबाईंनी हात पुढे केला, तर नंदादीपाची तिळाच्या तेलाची बाटली रिकामी.

“कुठं गेलं तेल?”

मुकुंदरावांनी अंगणाकडे पाहिलं.

बाईंनी गोडं तेल घालून दिवा लावला आणि एकशे आठ वेळा क्षमा मागितली, निम्मी देवाची आणि निम्मी पूर्वजांची. पण पाचव्या दिवशी पिस्टन बोटानं सरकला. बबलूभाई थक्क झाले. पन्नास वर्षांत त्यांनी डिझेल वापरलं होतं, रॉकेल वापरलं होतं, असा गुण कशाला आला नव्हता. तेव्हापासून ते कशालाही ‘अम्मा का वो दिये वाला तेल’ मागू लागले.

त्यानंतर कार्बुरेटर. पितळेचा, पण काळाठिक्कर. मुकुंदराव तो पॉलिशपेपरनं घासत बसले होते. ते घासणं तारामतीबाईंना बघवेना. चाळीस वर्षं त्यांनी समया, निरांजनं आणि पळीपंचपात्र घासली होती. त्यांनी तो हातातून काढून घेतला, चिंचेच्या कोळात घातला, रांगोळीनं घासला, आणि तासाभरात तो देव्हाऱ्यात ठेवण्याच्या लायकीचा झाला. त्यांनी तो चुकून ठेवलाही. दुसऱ्या दिवशी त्याला गंधफूल झाल्यावर लक्षात आलं.

दसऱ्याच्या सुमारास बबलूभाई पुतणीच्या लग्नाला निझामाबादला गेले आणि बारा दिवसांनी आले. वर्तमानपत्रांवर पसरलेले इंजिनाचे शंभरेक भाग बघून ते खाली बसले. कुठला आधी आणि कुठला नंतर, त्यांना काही आठवेना. तारामतीबाई पदर खोचून समोर बसल्या. भाग निघाले तसतसे त्यांनीच ते ओळीनं मांडले होते आणि पूजेची मांडणी त्या कधी विसरत नसत. कलशाआधी घंटा येत नाही, तसं ह्या चकतीच्या आधी ती स्प्रिंग येत नाही. त्या एकेक भाग उचलून देत गेल्या आणि बबलूभाई लावत गेले. शेवटी एकही नट उरला नाही. इतक्या वर्षांत काहीच न उरायची ही पहिली वेळ, असं ते म्हणाले, आणि त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

ह्या सगळ्यात मुकुंदरावांचं काय झालं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. वैतागून सुरुवात केलेला हा माणूस आता सकाळी दात घासायच्या आधी अंगणात जाऊ लागला. दुपारी हेल्मेट घालून, चाकं नसलेल्या गाडीवर बसून ते तोंडानं आवाज काढत. बाईंनी एकदा खिडकीतून पाहिलं आणि हळूच खिडकी लावून घेतली. काही गोष्टी बायकोनं बघू नयेत.

गाडी पहिल्यांदा सुरू व्हायचा दिवस उजाडला तो नेमका तारामतीबाईंच्या मौनाच्या वेळी. पहाटेपासून पूजा संपेपर्यंत त्या बोलत नसत, हा तीस वर्षांचा नेम. साडेसात वाजले होते. फुलं काढायला त्या अंगणात आल्या, तर मुकुंदराव गाडीवर, बबलूभाई शेजारी, आणि गाडीच्या दोन्ही सायलेन्सरांच्या बरोबर मागे भाग्यलक्ष्मींच्या यजमानांची लग्नाला घालायची पांढरीशुभ्र धोतरं दोरीवर वाळत. बोलता तर येत नाही. त्यांनी परडी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोरजोरात हलवले.

मुकुंदरावांना वाटलं, बायको आशीर्वाद देते आहे. त्यांनी हात जोडले आणि किक मारली.

सव्वीस वर्षांची काजळी एका दमात बाहेर पडली. गल्लीतली कुत्री पळाली, कबुतरं उडाली. धूर विरल्यावर दिसलं की धोतरांवर मधोमध दोन काळी वर्तुळं उठली आहेत. भाग्यलक्ष्मी गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या आणि मुकुंदराव गाडीवर बसून लहान मुलासारखे रडत होते. गाडी सुरू होती. बापाच्या गाडीचा आवाज त्यांनी सव्वीस वर्षांनी ऐकला होता. ते बघून भाग्यलक्ष्मी काही न बोलता आत गेल्या. मग पंधरा दिवस काहीच बोलल्या नाहीत.

आता उरली कागदपत्रं. मामंजींच्या गाडीचं नोंदणीचं पुस्तक पोथीच्या बासनात सापडलं. मुकुंदरावांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. मालकाचं नाव: खंडेराव. वडिलांचं नाव: स्वयंभू. पत्ता: खंडोबाचं देऊळ, गौलीगुडा.

सासूबाईंनी कधीतरी सांगितलेलं तारामतीबाईंना आठवलं. जोशांनी मामंजींची पत्रिका बघून सांगितलं होतं, तुमच्या नावावर वाहन लाभणार नाही. मामंजींनी त्यावर तोडगा काढला: गाडी देवाच्या नावावर घ्यायची. त्या काळी फॉर्मवर कुणी फार विचारत नसे. देवाला वाहन लाभणार नाही असं कुठल्या पत्रिकेत असणार?

मुकुंदराव परिवहन कार्यालयात गेले आणि चार तासांनी पडल्या चेहऱ्यानं परत आले. तिथला क्लार्क सरळ माणूस होता. नोंदणी नवी करायची तर मालक हजर पाहिजे, नसेल तर मालकाचा मृत्यूचा दाखला आणि वारसाचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. खंडेराव तुमचे कोण, असं त्यानं विचारलं. मुकुंदराव म्हणाले, कुलदैवत. त्यानं नात्याच्या रकान्यात तसंच लिहून घेतलं.

आता हणमंतराव आले. हे मुकुंदरावांचे जुने सहकारी. शहरातल्या कुठल्या कचेरीत कुठल्या टेबलावर कुठला कागद सरकतो ते त्यांना झोपेतही सांगता येई. त्यांनी चहा घेतला, पुस्तक चाळलं आणि ते म्हणाले, “हे तर दोन कागदांचं काम आहे. खंडेराव वारले. वारस मुकुंदराव. साक्षीदार म्हणून वहिनी सही करतील.”

तारामतीबाई आतला कुकर बंद करून बाहेर आल्या.

“कोण वारले?” तारामतीबाई म्हणाल्या.

“कागदावर हो, वहिनी. कागदावर.”

मुकुंदराव मात्र गाडीत इतके गुंतले होते की त्यांनी गंभीरपणे पुढचा विचार चालवला. आपण वारस म्हटल्यावर सुतक आलं. दहा दिवस. आणि चंपाषष्ठी नवव्या दिवशी. सुतकात देवळात जाता येत नाही, मग नवस कसा फेडणार? मृत्यूची तारीख मागची टाकली तर? पण मग वर्षश्राद्ध राहिलं, त्याचं काय?

“मुकुंदा, कागदावरचं सुतक कुणी पाळतं का?” हणमंतराव म्हणाले.

“मी सही करणार नाही,” तारामतीबाई म्हणाल्या.

हणमंतरावांना ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं, आणि बाईंनी परत तेवढ्याच हळू सांगितलं. “संदेशला ज्यानं वाचवलं, तो मेला असं मी लिहून देऊ? नवस राहिला तर राहू दे. जन्मभर एकभुक्त राहीन.”

जन्मभर हा शब्द ऐकून घरातले दोन्ही पुरुष एकमेकांकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः परिवहन कार्यालयात गेल्या. खोटं बोलायचं नाही, हाही त्यांचा नेमच होता, आणि खरं बोलून काम होतं का ते कुणी करून पाहिलं नव्हतं.

“ओनर जिंदा है?” क्लार्कनं विचारलं.

“हौ.”

“उमर?”

“मालूम नहीं. बहुत.”

“अभी किधर रहते?”

“वैसे तो सब जगह. मगर गौलीगुडा का पता लिख लो, किताब में वोच है.”

“यहाँ तक आ सकते?”

“साल में एक बार निकलते,” बाई म्हणाल्या. “वो भी पालखी में.”

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर दया दाटून आली. इतक्या म्हाताऱ्या माणसाला ऑफिसात बोलावणं बरोबर नाही, असं तो शेजारच्या टेबलाकडे बघून तेलुगूत म्हणाला. त्याचा गैरसमज होतो आहे हे बाईंच्या लक्षात आलं, आणि ते मनाला लागलं.

“भैया, वो भगवान है,” त्यांनी स्पष्ट सांगितलं.

“हां अम्मा,” क्लार्क हळवा होऊन म्हणाला. “घर के बुजुर्ग भगवानच रहते. आप ऐसा करो, उनकी देखभाल कौन करता, उसकी चिट्ठी लाओ. मुहर के साथ.”

इतकं खरं सांगूनही समोरच्यानं ऐकायचं नाही ठरवलं, तर ते पाप कुणाच्या खात्यावर जातं, हा प्रश्न त्यांनी घरी आल्यावर गुरुजींना विचारला. गुरुजींनी त्याचं उत्तर पुढच्या एकादशीवर ढकललं.

देवाची देखभाल करणारी समिती गौलीगुड्यात देवळाच्या मागच्या खोलीत बसे. तिचा सचिव युवराज, पस्तिशीतला, कानात सतत फोन. त्यानं गाडीचं पुस्तक दोनदा वाचलं आणि फोन बंद केला. तारामतीबाईंनी त्याला सगळं सांगितलं, जोशांच्या पत्रिकेपासून.

“काकू, पत्र लगेच देतो,” तो म्हणाला. “म्हणजे गाडी देवस्थानची. चंपाषष्ठीला तुम्ही घेऊन या, नवस फेडा, आणि मग ती इथंच राहील. समोर काचेची खोली करू. देवाची जावा. लांबून लोक येतील.”

बाईंनी पुस्तक परत उघडून पाहिलं. पण पुस्तकात तसंच लिहिलं होतं. त्यांनीच आणून दाखवलं होतं.

घरी मुकुंदरावांनी सगळं ऐकून घेतलं. भांडले नाहीत. फक्त अंगणात जाऊन बसले आणि स्वच्छ असलेली टाकी पुसत राहिले. “बाबांनी देवालाच दिली होती,” ते म्हणाले. “आपण पन्नास वर्षं ठेवून घेतली, एवढंच.” त्या दिवशी ते गाडीवर बसले नाहीत. तारामतीबाईंनी ते खिडकीतून पाहिलं. हणमंतरावांच्या कागदावर सही केली असती तर गाडी ह्या माणसाची झाली असती. आपण देवाला जिवंत ठेवलं आणि नवऱ्याला असं करून ठेवलं. संदेश म्हणाला, आई, थोडं तर खोटं बोलायचं. त्या उठून दिव्यात तेल घालायला गेल्या.

पत्र मिळालं, तपासणी झाली, नोंदणी झाली. चंपाषष्ठीला सकाळी नऊ वाजता तारामतीबाई बासष्टाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसल्या. मामंजींच्या गाडीवर सुनेनं बसायची त्या घरात रीत नव्हती. एका हातात नैवेद्याचा डबा, दुसरा हात मुकुंदरावांच्या खांद्यावर. भाग्यलक्ष्मी पंधरा दिवसांनी प्रथमच खाली आल्या आणि चाकाखाली लिंबं ठेवून गेल्या.

जावाची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. मुकुंदरावांच्या ते दोनदा ध्यानात राहिलं नाही आणि बरकतपुऱ्याच्या चौकात ते गिअर टाकायला जाऊन किक मारत राहिले. मागची सिटी बस तोवर हॉर्न वाजवत राहिली. पण काचीगुड्यानंतर गाडी लागली. लोक वळून बघत होते. पदर फडफडत होता. तारामतीबाई जप करत होत्या, आणि कोठीच्या उतारावर जप तुटला. त्यांच्या ध्यानात आलं की आपण हसतो आहोत. एकट्याच, भर रस्त्यात, दात दिसतील असं. त्यांना भयंकर धक्का बसला. त्यांनी तोंड मिटलं, पण ते मिटून राहिना.

देवळात गर्दी होती. भंडाऱ्यानं पायऱ्या पिवळ्या झाल्या होत्या. युवराज हार घेऊन तयार होता. त्यानं गाडीला हार घातला, फोटो काढला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मुकुंदरावांनी खिशात हात घातला. तो हात बराच वेळ खिशातच होता.

तारामतीबाई गाभाऱ्यासमोर उभ्या होत्या. नैवेद्य दाखवला, माथा टेकला. नवस फिटला. मग त्यांनी मागं वळून पाहिलं, परत देवाकडे पाहिलं, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. त्या मोठ्यानं बोलल्या.

“देवा, पाय चालतात तोवर दर रविवारी नल्लकुंट्याहून ह्याच तुझ्या गाडीवर बसून तुझ्या दर्शनाला येईन.”

गुरुजींनी सवयीनं मूठभर भंडारा उधळला आणि ‘येळकोट येळकोट’ म्हटलं. गर्दीनं ‘जय मल्हार’ केलं. झालं, नवस देवापुढं नोंदला गेला.

युवराज जवळ आला. “काकू, पण गाडी इथं राहिली, तर तुम्ही तिथून तिच्यावर बसून कशा येणार?”

“मलाही तीच काळजी लागलीय,” तारामतीबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

युवराजनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी समितीच्या अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी देवाकडे पाहिलं. एका म्हाताऱ्या सवाष्णीचा नवस आपल्या हातानं मोडायला, तोही चंपाषष्ठीला, त्या देवळात कुणी तयार नव्हतं. तिथंच उभ्यानं ठराव झाला: देवस्थानचं वाहन नवसापुरतं नल्लकुंट्याला राहील. नवस जन्माचा होता. घाईनं उभारलेल्या काचेच्या खोलीत दिवाळीच्या माळा ठेवायचं ठरलं.

मुकुंदरावांनी खिशातून हात काढला, रिकामा. किल्ली आतच होती. ते गाडीपाशी आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण ते सुकायच्या आत त्यांच्या चेहऱ्यावर वेगळीच काळजी उमटली.

“दर रविवारी?” त्यांनी विचारलं. “म्हणजे दुपारची झोप...”

“दर रविवारी,” बाई म्हणाल्या आणि पदर खोचून मागे बसल्या.

देवासमोर आपण जे बोललो, ते भक्तीनं बोललो की नवऱ्यासाठी, की आणखी कशासाठी, हे त्या मनाशी तपासत होत्या. उत्तर मिळालं तशी त्यांनी जीभ चावली. पण खोटं बोलायचं नाही हा नेम स्वतःशीही होताच.

मुकुंदरावांनी एका किकमध्ये गाडी सुरू केली आणि ती काचीगुड्याच्या दिशेला वळवली.

“अहो,” मागून बारीक आवाज आला. “अफझलगंजवरून घ्या ना.”

“अफझलगंज उलट्या दिशेला आहे.”

“मला माहीत आहे,” तारामतीबाई म्हणाल्या.